सोसायटीचा संगणक आणि कळफलकाचे शॉर्टकट

विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा हिशेब एके काळी सर्वस्वी रोजकीर्द, खतावणी व पावतीपुस्तक यांवर चालत असे. हल्ली हे चित्र पालटले आहे. केंद्र सरकारने २०२२ साली देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची, २,५१६ कोटी रुपये खर्चाची योजना मंजूर केली व तीत महाराष्ट्रातील सोसायट्याही समाविष्ट झाल्या. शेतकरी उत्पादक कंपन्या, दूध संस्था, बाजार समित्या आणि ग्रामपंचायतीतील सेवा केंद्रे यांचे दप्तरही आता बहुतांशी संगणकावरच असते. यंत्र आले म्हणजे कामाचा उरक आपोआप वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण चांगला नांगर आणूनही तो जोडणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर तास वाकडेच निघते, तद्वतच संगणकाचेही आहे.

पावसाने उघडीप दिली, जमिनीस वापसा आला, आणि नेमक्या त्याच दिवशी पीक कर्जाच्या यादीतील खाते क्रमांकाची चूक दुरुस्त करून घेण्यासाठी शेतकऱ्यास कचेरीत थांबावे लागले, तर त्याचा गेलेला दिवस भरून निघत नाही. वापसा दोन दिवसांत निघून जातो. कचेरीत बसलेल्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने माऊसने यादी शोधण्यात गेलेली पाच मिनिटे क्षुल्लक असतील. रांगेत दहावा असलेल्या माणसाच्या वाट्यास तीच पन्नास मिनिटे होऊन येतात. म्हणून संगणकावर काम करणाऱ्याने कळफलकाचे शॉर्टकट शिकणे हा केवळ त्याच्या सोयीचा प्रश्न राहत नाही.

शॉर्टकट म्हणजे एखादे काम माऊस हलवून, यादी उघडून व त्यातील शब्द निवडून करण्याऐवजी दोन किंवा तीन कळा एकदम दाबून करणे. कंट्रोल, शिफ्ट, आल्ट किंवा विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावयाची आणि तिच्या जोडीला एक अक्षर दाबावयाचे, एवढेच त्याचे तंत्र आहे. कंट्रोल व सी दाबले असता निवडलेल्या मजकुराची नक्कल होते, कंट्रोल व एक्सने तो उचलला जातो, कंट्रोल व व्हीने तो इष्ट जागी उतरतो आणि कंट्रोल व झेडने नुकतेच केलेले काम रद्द होऊन पूर्वस्थिती येते. या चारही कळा कळफलकाच्या डाव्या बाजूस तळाशी ओळीने आहेत, हा योगायोग नव्हे. मजकूर कापून चिकटविण्याची ही पद्धती अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात विकसित केली. पुढे ॲपल कंपनीच्या १९८३ सालच्या लिसा या संगणकासाठी ही अक्षरे ठरली. एक्स म्हणजे फुलीची खूण आणि व्ही म्हणजे मुद्रितशोधकाच्या घुसडण्याच्या खुणेसारखे अक्षर. उजवा हात माऊसवर ठेवून ही चारही कामे डाव्या हाताने होतात.

आता प्रत्यक्ष वेळेचा हिशेब पाहू. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान व ॲलन न्यूवेल या तीन शास्त्रज्ञांनी संगणकावरील कामास लागणारा वेळ मोजण्याची एक पद्धती १९८० साली प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक हालचालीस सरासरी वेळ दिलेला आहे. हात कळफलकावरून माऊसवर नेण्यास सुमारे ०.४ सेकंद, पडद्यावरील ठरावीक जागी बाण नेण्यास १.१ सेकंद, आणि साधारण सराव असलेल्या माणसास एक कळ दाबण्यास ०.२८ सेकंद लागतात. माऊसने नक्कल करावयाची झाल्यास हात माऊसवर नेणे, बाण यादीवर नेणे, दाबणे, बाण योग्य शब्दावर नेणे, पुन्हा दाबणे व हात परत आणणे, असा एकंदर ३.४ सेकंदांचा व्याप होतो. दोन कळांना ०.५६ सेकंद पुरतात. एका वेळची बचत तीन सेकंदांहूनही थोडी कमीच आहे, आणि ती ऐकून कोणी हसलाच तर त्यास दोष देता येणार नाही.

परंतु समजा, ६०० सभासदांचे खाते क्रमांक एका यादीतून उचलून दुसऱ्या यादीत उतरवावयाचे आहेत. प्रत्येकास एक नक्कल व एक चिकटविणे धरले तर १,२०० क्रिया होतात आणि वाचलेला वेळ ५६ मिनिटांच्या घरात जातो. ही झाली एका कामाची गोष्ट. कर्जवाटप, वसुली, खतांचा साठा, लाभांश, लेखापरीक्षणाची माहिती अशी कामे वर्षभर चालूच असतात.

तथापि, वाचलेला वेळ हा शॉर्टकटचा दुय्यम लाभ मानावा. मुख्य लाभ चुका टळण्याचा आहे. बँकेचा आयएफएससी क्रमांक ११ चिन्हांचा असतो. त्यातील पहिली चार अक्षरे असतात व पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. घाईत तेथे शून्याऐवजी इंग्रजी ओ हे अक्षर पडते, पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात, आणि शेतकऱ्याचे अनुदान अडकते. चूक कोठे आहे हे कोणासही चटकन उमगत नाही. मूळ यादीतील क्रमांक कंट्रोल व सीने उचलून कंट्रोल व व्हीने उतरविला, तर ही चूक होण्यास जागाच राहत नाही. अर्थात मूळ यादीच चुकीची असेल तर नक्कलही चुकीचीच होणार. तेव्हा पासबुकाशी ताळा हा पाहावाच लागतो. दुसरा धोका असा की, सी ही कळ नीट दाबली गेली नाही तर आधी उचललेल्या सभासदाचा क्रमांक पुढच्याच्या नावावर जाऊन बसतो. यास्तव दर वेळी उतरविलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक डोळ्यांखालून घालण्याची सवय लावून घ्यावी.

यादीत नाव शोधण्यास कंट्रोल व एफ ही जोडी वापरावी. चौकट उघडते, तीत नाव किंवा खाते क्रमांक लिहून एंटर दाबले की संगणक त्या ओळीवर नेऊन उभा करतो. हजार ओळींची यादी माऊसने सरकवीत बसण्याची गरज उरत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसास याचा लाभ सर्वांत आधी जाणवतो. मात्र गावात एकाच नावाचे तीन-चार सभासद असणे नवलाचे नाही. म्हणून पहिल्याच नावावर न थांबता पुढे आणखी कोणी आहे काय हे पाहावे, आणि शक्य तेथे नावाऐवजी सभासद क्रमांकाने शोध घ्यावा.

काही जुन्या यादींत हा शोध चालत नाही, अशी तक्रार ऐकू येते. त्याचे कारण वेगळे आहे. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये टंकित केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला तरी संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरांच्या संकेतांनीच साठविलेला असतो. तेथे युनिकोडमधील नाव लिहून शोधल्यास ते सापडणार नाही. अशा यादी एकदा युनिकोडमध्ये बदलून घेणे हाच त्यावर उपाय होय. तसेच देवनागरी अंक व रोमन अंक यांनाही संगणकात निरनिराळे संकेत आहेत. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळल्यास शोधात व बेरजेत घोटाळा होऊ शकतो. हिशेबाच्या तक्त्यात सर्वत्र एकाच प्रकारचे अंक ठेवणे हिताचे आहे.

एक्सेलच्या तक्त्यात काम करणाऱ्यांस उपयुक्त अशा आणखी काही कळा आहेत. कंट्रोल व अर्धविरामाची कळ दाबल्यास त्या दिवसाची तारीख चौकोनात येते. ती पुढे बदलत नाही, म्हणून आवक-जावक नोंदीस ती फार चांगली. कंट्रोल दाबून खालच्या बाणाची कळ दाबली की मधे कोरी जागा नसेल तोपर्यंत यादीच्या तळाशी जाता येते. कंट्रोल व डी दाबल्यास वरच्या चौकोनातील मजकूर खाली उतरतो, त्यामुळे एकाच गावाचे नाव पन्नास वेळा लिहावे लागत नाही व त्याचे पन्नास तऱ्हांचे शुद्धलेखनही होत नाही. आल्ट व बरोबरच्या चिन्हाने रकान्याची बेरीज येते. एफ टू या कळेने चौकोनातील मजकूर न पुसता तेथल्या तेथे दुरुस्त करता येतो.

याच तक्त्यात शेतीच्या दप्तरास विशेष भोवणारी एक गोष्ट आहे. गट नंबर व त्याचा पोटहिस्सा १२/१ असा लिहिला तर एक्सेल त्यास जमीन समजत नाही, तारीख समजतो, आणि चौकोनात १२ जानेवारी उमटते. सात-बारा हा शब्द अंकांत लिहिला तर ७ डिसेंबर होते. संगणकावर अमेरिकी पद्धतीची तारीख लावलेली असेल तर तीच १२ जुलै होते! ११२/३ यासारखे आकडे तारखेसारखे दिसत नसल्यामुळे जसेच्या तसे राहतात, आणि म्हणूनच यादी वरवर पाहता ठीक वाटते. नंतर तो रकाना मजकुराचा करावयास जावे तर १२ जानेवारीच्या जागी पाच अंकी भलताच आकडा दिसू लागतो, कारण एक्सेलने तारीख दिवसांच्या मोजणीच्या रूपाने साठविलेली असते. मूळ गट नंबर तोपर्यंत नाहीसा झालेला असतो. तो पुन्हा कागदावरूनच घालावा लागतो.

हे टाळण्यासाठी लिहिण्यास आरंभ करण्यापूर्वीच गट नंबरचा सर्व रकाना निवडावा, कंट्रोल व १ या कळा दाबाव्या, आणि उघडणाऱ्या चौकटीत टेक्स्ट हा प्रकार निवडून एंटर दाबावे. एखाददुसरीच नोंद असेल तर आकड्यापूर्वी ऊर्ध्व स्वल्पविराम दिला तरी चालते. हीच खबरदारी खाते क्रमांक व आधार क्रमांक यांच्या रकान्यांसही घ्यावी. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक ठेवतो. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर त्याचा शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. आरंभीचे शून्यही गळून पडते. १२ अंकी आधार क्रमांक तर पडद्यावर ओळखू न येणाऱ्या रूपात दिसतो. रकाना आधीच मजकुराचा केलेला असेल तर यांपैकी काहीही होत नाही. तक्त्यातील ज्या एकाच जोडीची माहिती प्रत्येक सोसायटीत असावयास हवी, ती कंट्रोल व १ ही होय.

ग्रामीण भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बॅटरीची सोय नसलेल्या संगणकावरील दोन तासांचे काम एका क्षणात जाते. दर दहा-पंधरा ओळींनंतर कंट्रोल व एस दाबून काम जतन करणे हा त्यावर बिनखर्ची उपाय आहे. हात कळफलकावरच असल्यामुळे त्यास क्षणही लागत नाही, आणि सवय झाली की बोटे ते काम आपण होऊन करतात. मात्र येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शासनाच्या किंवा विमा कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरीत असता कंट्रोल व एस दाबल्याने अर्ज जतन होत नाही. फक्त त्या पानाची प्रत आपल्या संगणकावर उतरते. अर्ज जतन करण्यासाठी त्या पानावरच दिलेले बटण वापरावे लागते. तसेच एफ फाइव्ह ही कळ पान नव्याने उघडते व अर्धवट भरलेली माहिती पुसली जाण्याचा संभव असतो. अर्ज एकदा सादर झाला की कंट्रोल व झेड तो परत आणू शकत नाही, हेही ध्यानी ठेवावे. अशा पानांवर एका रकान्यातून दुसऱ्यात जाण्यास टॅब व मागे येण्यास शिफ्ट व टॅब या कळा उत्तम आहेत. एंटर जपून दाबावी, काही ठिकाणी तिनेच अर्ज सादर होतो.

शेतकऱ्याचे नाव मराठीत व बँकेचे तपशील इंग्रजीत, असे दुहेरी टंकलेखन या कामात सतत करावे लागते. दर वेळी पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन भाषा बदलणे कंटाळवाणे असते. विंडोज कळ दाबून धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरणे चांगले. भारतीय लिप्यांसाठी तयार झालेल्या या रचनेस भारतीय मानक संस्थेने १९९१ साली मानकात स्थान दिले. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताखाली आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताखाली येतात. क ज्या कळेवर, त्याच कळेवर शिफ्ट दाबून ख मिळतो, त्यामुळे ती लक्षात ठेवण्यास सोपी जाते. मराठी टंकलेखन चालू असतानाही कंट्रोलच्या जोड्या इंग्रजी अक्षरांच्या जागीच चालतात; नक्कल करण्यासाठी भाषा बदलावी लागत नाही.

अनेक वर्षे संगणकावर बसणाऱ्यास हे सर्व अनुभवाने येतच असेल, असे मानण्याचा मोह होतो. ते खरे नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मजकूर लिहिण्याच्या कार्यक्रमाचा चांगला अनुभव असलेल्या २५१ जणांची पाहणी करण्यात आली. त्यांतील बहुसंख्य लोक नक्कल करणे, चिकटविणे यांसारख्या रोजच्या कामांसाठीही पडद्यावरील चित्रांचाच वापर करीत होते. कारण उघड आहे. माऊसने काम होते. भागते आहे तोवर माणूस नवी वाट शोधीत नाही. शिवाय नवी जोडी शिकताना पहिले काही दिवस ती आठवण्यातच माऊसपेक्षा जास्त वेळ जातो, आणि त्या अवस्थेत पुष्कळ जण ती सोडून देतात.

म्हणून एकदम पन्नास जोड्यांचा तक्ता भिंतीवर लावणे निरुपयोगी ठरते. आपल्या कामात दिवसातून दहा वेळा तरी लागणारी तीन कामे निवडावी, त्यांच्या जोड्या चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेस चिकटवाव्या, आणि ती तीन कामे माऊसने न करण्याचा निश्चय करावा. त्या अंगवळणी पडल्यावर पुढील तीन घ्याव्या. जोडी ठाऊक नसल्यास विचारावयास लांब जाण्याची गरज नाही. कित्येक कार्यक्रमांच्या यादीत कामाच्या नावासमोरच ती छापलेली असते, तर चित्रावर बाण क्षणभर स्थिर ठेवला असताही बहुधा दिसते. वर्षातून एकदाच करावयाच्या कामासाठी मात्र जोडी पाठ करू नये. जमिनीचा नकाशा पाहणे किंवा छायाचित्रे निवडणे यांत माऊसच सरस आहे. हाताच्या दृष्टीनेही थोडी काळजी घ्यावी: कंट्रोल नेहमी एकाच करंगळीने दाबल्यास ती दुखू लागते, यासाठी कळफलकावर दोन्ही बाजूंस कंट्रोल कळ असेल तर अक्षर ज्या बाजूस असेल तिच्या विरुद्ध बाजूची वापरावी.

कचेरीतून उठताना करावयाचे एक काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. सभासदांचे आधार क्रमांक व खाती पडद्यावर उघडी ठेवून कर्मचारी चहास जातात आणि टेबलापाशी चार माणसे उभी असतात. विंडोज व एल या दोन कळांनी संगणकास तत्काळ कुलूप बसते. परत आल्यावर संकेतशब्द दिला की काम जेथे सोडले तेथेच उघडते. तसेच विंडोज व व्ही या जोडीने आधी उचललेल्या अनेक मजकुरांची यादी दिसण्याची सोय आहे. ती चालू केलेली असेल आणि एकच संगणक दोघे-तिघे एकाच खात्याने वापरीत असतील, तर एकाने उचललेला सभासदाचा क्रमांक दुसऱ्यास सहज दिसू शकतो. अशा कचेरीत ही सोय बंदच ठेवावी, आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते व संकेतशब्द द्यावा.